शांत म्हणजे नेमकं काय

पुरुष वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला सगळं हॉस्पिटल तोंडावर सिस्टर म्हणायचं आणि पाठीमागे फुलस्टॉप. कोणताही वाद तिच्यापाशी पोचला की तिथेच संपायचा, म्हणून हे नाव. नातेवाईक खुर्चीवरून भांडत असोत, फरशी कुणी पुसायची यावरून दोन मावशींची जुंपलेली असो, की एखादा शिकाऊ डॉक्टर आपला डोळा लागलाच नव्हता असं शपथेवर सांगत असो, ती चष्मा कपाळावर सरकवायची, "झालं?" एवढंच विचारायची, आणि खरोखरच झालेलं असायचं.

एकोणतीस वर्षं नोकरी झाली होती. अक्षर छापल्यासारखं, आणि त्याचा तिला अक्षरापेक्षा चार बोटं जास्तच गर्व. केस पेपरवर ती नोंद लिहायची ती तारेसारखी. "एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्चू नये," असं ती नव्या मुलींना शिकवायची आणि मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या. हे शहाणपण पुढे तिच्याच अंगाशी आलं.

अकरा नंबरच्या बेडवर एक म्हातारा शिंपी होता. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. सकाळभर कण्हला, म्हणून त्याला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. दुपारच्या सिस्टरने लिहिलं, 'रुग्ण शांत.' कारण कण्हणारा माणूस एकदाचा गप्प झाला होता आणि तिच्या कानांना सुट्टी मिळाली होती. औषधाच्या तक्त्याप्रमाणे संध्याकाळी दुसरं इंजेक्शन गेलं. रात्रीच्या सिस्टरने लिहिलं, 'रुग्ण शांत.' कारण तो झोपला होता, आणि झोपलेल्या माणसाला उठवून कसा आहेस विचारणारी सिस्टर अजून जन्माला यायची होती. सकाळी फुलस्टॉप आली. तिने बेडच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं, चादर वरखाली होत होती. वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरी लिहिली. तीच. छापल्यासारखी.

दहा वाजता शिंप्याची मुलगी त्याचे केस विंचरायला आली. तिने भांग पाडला, तोंड पुसलं, मग दाराशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, बाबा उठत नाहीयेत."

मग धावपळ झाली. मूत्रपिंडं अगोदरच दमलेली, त्यामुळे औषध अंगात साचत गेलं होतं. श्वास मिनिटाला सहावर आला होता. एकोणीस दिवस तो अतिदक्षता विभागात होता. वाचला. पण हात असे कापायला लागले की सुईत दोरा ओवणं संपलं, आणि शिंप्याचं दुसरं काय असतं?

चौकशी बसली. तिघा मोठ्या डॉक्टरांनी केस पेपर वाचला आणि त्यांना समाधान वाटलं. तीन पाळ्यांच्या नोंदींत पूर्ण एकवाक्यता आहे, असं त्यांनी अहवालात लिहिलंसुद्धा. या हॉस्पिटलात औषधांच्या दुकानाची दिशा विचारली तरी तिघं तीनकडे बोट दाखवतात. तिथे तीन सिस्टरांचं एकमत म्हणजे नवलच. सगळं आटोपत आलेलं असताना फुलस्टॉप उभी राहिली.

"सर, तिसरी नोंद माझी आहे. मी त्यांना हाक मारली नव्हती."

"तुम्ही लिहिलंत ते खोटं होतं का?"

"नाही."

"म्हणजे रुग्ण शांत होता."

"होता."

"मग अडचण कुठे आहे, सिस्टर?"

"मेलेला माणूस त्याहून शांत असतो, सर."

खोलीत कुणीतरी खोकलं. मेट्रनने डोळे मिटून घेतले. फुलस्टॉपने आणखी सांगितलं की शांत या शब्दाचे आपल्या वॉर्डात चार अर्थ आहेत, दुसऱ्या वॉर्डात आणखी तीन असतील, आणि जोवर सगळ्या जणी एका शब्दाने एकच गोष्ट म्हणत नाहीत तोवर अकरा नंबरवर कुणीही असू शकतं. हे बोलून ती बसली. असं बोलणाऱ्याला तंबी द्यावी तर बाहेर बोभाटा, आणि शाबासकी द्यावी तर चौकशीच खोटी पडते. शहाण्या संस्था अशा वेळी जे करतात तेच झालं. समिती नेमली आणि तिला तीत घातलं. हात दाखवून अवलक्षण.

बैल गेल्यावर जो गोठा बांधायला घेतला त्याचं नाव ठरायलाच पहिली बैठक लागली. परिचारिका परिभाषा की परिचर्या परिभाषा, यावर पावणेदोन तास गेले. शहरातली चार हॉस्पिटलं एका कारभाराखाली होती, म्हणून चारही ठिकाणची माणसं घेतलेली. सभासद नऊ. त्यांतल्या सिस्टरा किती, तर दोन, आणि एक ब्रदर. बाकीचे सहा जण सिस्टरांनी काय बोलावं हे ठरवायला आले होते.

अध्यक्ष निवृत्त सर्जन. त्यांनी जन्मभर जे पेशंट जवळून पाहिले ते भूल दिलेले, त्यामुळे शांत या शब्दाबद्दल त्यांना मनापासून आपुलकी होती. भाषेसाठी एक प्राध्यापक होते. त्यांना इंजेक्शनच्या वासानेच घेरी यायची, म्हणून बैठका हॉस्पिटलात न घेता कारभाराच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर घ्यायच्या ठरल्या. कॉम्प्युटरवाला एक तरुण गृहस्थ होता. तो प्रत्येक प्रश्नाला "ते सिस्टिममध्ये होऊन जाईल" म्हणायचा, आणि कशाचंच काही होत नसे.

फुलस्टॉप दुसऱ्या बैठकीला गेली ती शंभर पानी वही घेऊन. चार आठवडे तिने आपल्या हॉस्पिटलातले केस पेपर चाळले होते. जेवण बरं, जेवण ठीक, थोडं खाल्लं, खाल्लं. लघवी छान. पाठ लाल. पाठ किंचित लाल. पाठ बरी. पेशंट कुरकुरतो. पेशंट ऐकत नाही. आणि शांत, सहाशे बारा वेळा.

प्राध्यापकांनी वही दोन बोटांनी उघडली. "लघवी छान," त्यांनी मोठ्याने वाचलं. "छान? सौंदर्यदृष्टीने?"

सगळे हसले. फुलस्टॉपही हसली, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. पण प्राध्यापकांनी पान उलटलं आणि पुढचाही शब्द तसाच वाचला, मग पुढचाही, आणि दहाव्या शब्दापाशी तिच्या लक्षात आलं की हे वाचन नाही, ही करमणूक आहे.

दीड वर्ष प्राध्यापकांनी शब्द पाडले. भूक नाही, याला अन्नग्रहण-अनुत्सुकता. कुरकुर, याला असमाधान-उच्चार. ज्या शब्दापायी हे सगळं उभं राहिलं त्या शांतसाठी त्यांनी तीन महिने घेतले आणि निद्रासदृश अल्पप्रतिसादावस्था असा शब्द आणला. अध्यक्षांनी तो दोनदा उच्चारून पाहिला, दुसऱ्यांदा जवळजवळ जमला.

"सर," फुलस्टॉप म्हणाली, "हे लिहून होईपर्यंत पेशंटची अवस्था बदललेली असेल."

"सवय होईल," अध्यक्ष म्हणाले.

"आणि अल्प म्हणजे किती?"

"अल्प म्हणजे अल्प," प्राध्यापक म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. यांनी त्याला व्याघ्रसदृश म्हणून पिंजरा उघडाच ठेवला होता.

घरी तिचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दारातच त्याचं दुकान, त्यामुळे बैठकीहून आलेली बायको त्याला जिना चढायच्या आधीच दिसायची, आणि चालण्यावरून बैठक कशी झाली ते कळायचं. त्या काळात ती घरातल्यांनाही सोडत नव्हती. सुनेने भात थोडा वाढू का विचारलं की ही म्हणे, "थोडा म्हणजे किती डाव?" नवऱ्याने कंबर दुखतेय म्हटलं की, "टोचल्यासारखं, की ओढल्यासारखं? एक ते दहात किती?" सुनेने हळूहळू विचारणं सोडलं आणि नवऱ्याने दुखणं.

त्या दिवशी तिने जोडे काढतानाच अल्पचं रडगाणं सुरू केलं. नवरा उघडलेल्या पंपावर वाकलेला होता. न बघताच हात पुढे करून म्हणाला, "अगं, तो बाराचा पाना दे."

तिने दिला.

"हे बघ. मी बाराचा म्हटलं, तू बाराचा दिलास. मोठासा म्हटलं असतं तर तू कुठला दिला असतास देव जाणे. आमच्या धंद्यात दाढीसुद्धा न आलेलं पोर पहिल्या दिवशी हे शिकतं. तुमचे प्राध्यापक पान्याला नवं नाव ठेवतायत. नाव काहीही ठेवा, आकडा कोण सांगणार?"

"अहो, माणूस म्हणजे नटबोल्ट नाही."

"नाही ना. नटबोल्ट असता तर तुमच्या समितीत टिकला असता."

तिला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तिने दोन फोन केले.

पहिला फोन मुलांच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरला. समितीतली दुसरी सिस्टर तीच. अंगाने चिमूटभर, आवाज चिरका, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. दुसरा फोन मनोरुग्णालयातल्या ब्रदरला. हा सहा फुटी माणूस बैठकीत दीड वर्षात एकदाच बोलला होता, तेही खिडकी लावू का म्हणून. तिघांनी दर गुरुवारी ड्युटी सुटल्यावर फुलस्टॉपच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसायचं ठरवलं.

तिघं शहाणी माणसं एकत्र बसली की काम झटपट होतं, असं ज्याला वाटतं त्याने कधी तीन सिस्टरांना एका टेबलाशी बसवलेलं नाही. पहिल्याच गुरुवारी पाण्यावरून भांडण झालं. पेशंटने किती पाणी प्यायलं ते ग्लासात लिहायची चाल सगळीकडे होती. फुलस्टॉप म्हणाली, "ग्लास म्हणजे दोनशे मिली. त्यात काय ठरवायचंय?"

"आमच्याकडे ग्लास दीडशेचा," चिमणी म्हणाली.

"तुमच्याकडे मुलं आहेत, म्हणून."

"अगं, आईला पाणी दिलं तरी त्याच ग्लासात देतो आम्ही. आई काय वेगळा ग्लास घरून आणते?"

ब्रदरने घसा साफ केला. "आमच्याकडे काचेचा देत नाहीत. प्लॅस्टिकचा मग असतो." थोडं थांबून तो म्हणाला, "कितीचा ते कुणी मोजलेलं नाही."

पुढच्या गुरुवारी तिघांनी आपापले ग्लास पिशवीत घालून आणले. फुलस्टॉपने पट्ट्या असलेली लघवी मोजायची भांडी आणली होती, कोरी, पण कँटीनवाल्याला कोण पटवणार? त्याने भांडं टेबलावर बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, इथे लोक जेवतात." त्याला बाजूला सारून त्यांनी पाणी ओतून मोजलं. चिमणीचा दीडशेचा निघाला एकशे तीसचा. ब्रदरचा मग साडेतीनशेचा. आणि फुलस्टॉपचा, ज्यावर ती तीस वर्षं दोनशे लिहीत आली होती, तो काठोकाठ भरला तेव्हा एकशे सत्तर.

तिने पट्टीवरचा आकडा वाचला. मग तिने चष्मा कपाळावर चढवला. बाकी दोघांना वाटलं, आता फुलस्टॉप. पण ती म्हणाली, "पुन्हा ओता." पुन्हा ओतलं. एकशे सत्तरच.

"मिलीत लिहायचं," ती म्हणाली. "ग्लास हा शब्दच नको."

हा पहिला शब्द त्यांनी ठरवला, म्हणजे काढून टाकला. त्यानंतर गाडी रुळावर आली. जेवणाला बरं, ठीक असलं काही नाही. ताटातलं पाव, अर्धं, पाऊण की सगळं, तेवढं लिहायचं. पाठ लाल हे पुरे नाही. लाल जागी बोट दाबायचं, उचलायचं, आणि लाली जाते की जात नाही ते लिहायचं. जात नसेल तर कातडीच्या आत गडबड सुरू झालेली असते, आणि त्या पेशंटला कुशीवर वळवायला जेवणाची सुट्टी संपायची वाट बघायची नसते. 'ऐकत नाही' हे शब्द ब्रदरने काढायला लावले.

"पेशंट ऐकत नाही म्हणजे काय?" तो म्हणाला. त्या दिवशी तो प्रथमच सलग बोलला. "आमच्याकडे एकाच्या पेपरावर चार वर्षं लिहिलेलं होतं, ऐकत नाही, ऐकत नाही. मी कान तपासून घेतले. बहिरा होता."

चिमणी हसायला लागली आणि मध्येच थांबली. काय नाकारलं ते लिहायचं असं ठरलं. गोळी नाकारली. अंघोळ नाकारली.

शांतपाशी ते सहा गुरुवार अडले, कारण तिथे फुलस्टॉप कुणालाच पुढे सरकू देईना आणि स्वतःही पुढे जाईना. शेवटी चिमणीने तिला सरळच विचारलं, "त्या शिंप्याला तू सकाळी हाक मारली असतीस तर काय झालं असतं?"

"उठला नसता."

"हलवला असता तर?"

"डोळे उघडले असते. बहुतेक."

"मग तेच लिही की."

ते तसंच लिहिलं गेलं. आपणहून जागा. हाक मारल्यावर उठतो. हलवल्यावर उठतो. चिमटा काढल्यावर हलतो. उठत नाही. शिवाय खाली एक ओळ: आधीच्या पाळीपेक्षा एक पायरी खाली असेल तर डॉक्टरांना बोलवा, विचारू नका. फुलस्टॉपने ते पाच शब्दप्रयोग आपल्या अक्षरात उतरवले, आणि कँटीनमधल्या कागदी रुमालाने बराच वेळ चष्मा पुसला.

सगळे मिळून सत्तावीस ओळी झाल्या. एक कागद. ब्रदरने झेरॉक्स काढून आणल्या, आणि तिघांनी त्या आपापल्या हॉस्पिटलातल्या औषधांच्या कपाटांच्या दारांना आतून चिकटवल्या. आतून, कारण बाहेर लावायला परवानगी लागते.

तिकडे पाचव्या मजल्यावर समितीने सहाशे चौदा शब्द पूर्ण केले आणि ते कॉम्प्युटरवर आले. सिस्टरने पडद्यावरच्या यादीतून शब्द निवडायचा, की झालं. निद्रासदृशपर्यंत पोचायला खाली खाली जावं लागे, आणि एका हातात ट्रे असताना ते जमत नसे. यादीच्या अगदी वर सोयीसाठी 'इतर' असं ठेवलेलं होतं. पहिल्या महिन्यात शंभरातल्या एक्क्याण्णव नोंदी इतर झाल्या. रुग्णाची स्थिती: इतर. भूक: इतर. त्वचा: इतर. कॉम्प्युटरवाल्याने बैठकीत रंगीत तक्ता दाखवला आणि सांगितलं की प्रमाणीकरण अपेक्षेबाहेर यशस्वी झालं आहे, कारण चारही हॉस्पिटलांत आता एकच शब्द वापरला जातो.

मुली पडद्यावर इतर दाबायच्या आणि कपाटाच्या दारातलं बघून कागदावर खरं लिहायच्या.

पावसाळी हवेच्या एका दुपारी स्त्री वॉर्डात नोकरीला जेमतेम चार महिने झालेल्या एका सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चहाला बसले होते.

"सर, सात नंबर. सकाळी हाक मारल्यावर उठत होत्या, आता हलवल्यावर उठतात."

"झोप लागली असेल."

"असेल, सर. एक पायरी खाली आहे. या."

डॉक्टर आले. तोंडात बिस्कीट होतं, ते बाहेरच गिळलं. बाईंची साखर इतकी खाली गेली होती की आणखी अर्ध्या तासाने फोन करून उपयोग झाला नसता. बाई उठून बसल्यावर डॉक्टर त्या सिस्टरला म्हणाले, "शांत आहेत असं म्हणाली असतीस ना, तर मी चहा संपवून आलो असतो." ही त्यांची कबुली होती की तक्रार, हे त्यांनाही ठाऊक नसावं. पण गोष्ट फिरली. महिन्याभरात शहरातल्या चारही हॉस्पिटलांतल्या औषधांच्या कपाटांची दारं आतून लिहिलेली झाली.

ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावरही गेली. आता अध्यक्ष भले सर्जन असोत, पण आयत्या बिळाची त्यांना चांगली पारख होती. पुढच्या बैठकीत त्यांनी कपाटातला कागद हातात धरून सांगितलं की समितीच्या दोन वर्षांच्या कामाचं हे सार आहे. कुणाचं काम, ते विचारायला कुणी उठलं नाही. ब्रदर खिडकीकडे बघत होता. चिमणीने फुलस्टॉपला टेबलाखालून पाय मारला. फुलस्टॉपने पाय मागे घेतला. तिचा हिशेब साधा होता: कागद दारामागून दारावर येत असेल तर नाव कुणाचंही लागो.

पुस्तक निघालं. जाड पुठ्ठा, तीन प्रस्तावना. मोठ्या सभागृहात समारंभ झाला. पहिल्या रांगेत कारभारी, दुसऱ्या रांगेत कारभाऱ्यांच्या बायका, आणि तिघांना खुर्च्या नवव्या रांगेत, खांबामागे. आभाराच्या पानावर लिहिलं होतं, 'तसेच अनेक अनामिक परिचारिका.' ब्रदरने ते दोनदा वाचलं. "मी परिचारिका झालो," तो म्हणाला.

अध्यक्षांचं भाषण चालू असताना फुलस्टॉप पुस्तक चाळत होती. अठ्ठावीस नंबरच्या पानावर ती थांबली. त्यांच्या सत्तावीस ओळी होत्या, पण प्राध्यापकांचा हात फिरलेला होता. 'हाक मारल्यावर उठतो' याचं झालं होतं 'श्राव्य आवाहनास प्रतिसादशील'. चिमट्याचं 'वेदनोद्दीपनोत्तर चलन'. हेही तिने गिळलं असतं. पण पाठ लालच्या ओळीत 'बोट दाबल्यावर लाली जात नाही' याऐवजी छापलं होतं 'अंगुलीदाबाने रक्तिमा लोप पावतो.' जात नाही मधला नाही, सुंदर शब्दांच्या गर्दीत, लोप पावला होता.

ती उभी राहिली. सभागृहात टाळ्या चालू होत्या, त्यामुळे ती टाळ्यांसाठी उभी राहिली असं लोकांना वाटलं, आणि मागच्या चार रांगा तिच्या मागोमाग उभ्या राहिल्या. अध्यक्ष गहिवरले.

दुसऱ्या दिवशी तिने रीतसर पत्र दिलं. चूक आहे, पुस्तकं मागे घ्यावीत. उत्तर आलं की दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत विचारात घेतली जाईल. पुढची आवृत्ती कधी, तर पहिली संपल्यावर. आणि ही पुस्तकं फुकट वाटलेली, ती संपणार कशी?

मग तिघांनी रजा टाकली. चार दिवस ती तिघं चारही हॉस्पिटलांतल्या एकूण एक वॉर्डात गेली. टेबलावरचं पुस्तक उघडायचं, पान अठ्ठावीस, ओळ खोडायची, वर बॉलपेनने लिहायचं: 'लाली जात नाही. ताबडतोब कूस बदला.' दुसऱ्या दिवशीपासून हात बसला आणि फुलस्टॉपने श्राव्य आवाहनही खोडायला सुरुवात केली. चिमणी म्हणाली, "अगं, एवढी एक चूक खोडायला आलोय आपण."

"हात आहे तोवर खोडते," फुलस्टॉप म्हणाली.

एकशे चाळीस पुस्तकं झाली. सगळीकडे तेच छापल्यासारखं अक्षर. चोर शोधायला पोलीस लागले नाहीत. अधिकृत प्रकाशनाचं विद्रूपीकरण केल्याबद्दल तिघांना नोटिसा आल्या. चिमणीने माफी मागितली, कारण तिला घरी आजारी आई होती. ब्रदरने खुलाशात लिहिलं, 'मी अनामिक आहे,' आणि त्याच्यापुढे कारभाराचं काही चालेना. फुलस्टॉपने लिहिलं, 'खोडलं. चूक होती. पुस्तकाची.' तिला निवृत्तीला नऊ महिने उरले होते. वॉर्ड काढून घेतला आणि तिला तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत टाकलं, जिथे हॉस्पिटलच्या चादरी धुऊन येतात आणि मोजून वर जातात. तिथे भांडायला चादरीच आहेत, असं मेट्रन म्हणाल्याचं कळलं.

वर्षअखेर उरलेला निधी संपवायला पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. पान अठ्ठावीसवर तिचं बॉलपेनचं लिखाण शब्दशः छापलेलं होतं, कारण छापखान्याला नमुना म्हणून कुणीतरी वॉर्डातलंच पुस्तक पाठवलं होतं आणि तपासायला कुणी वाचलं नव्हतं. अध्यक्षांनी चौथी प्रस्तावना लिहिली: या आवृत्तीत भाषा अधिक ओघवती केली आहे.

नवऱ्याने ते पान दुकानात उभं राहून वाचलं. "अक्षर तुझं नाही," तो म्हणाला, "पण खाष्टपणा तुझाच."

पण ते झालं पुढचं. तळघरातल्या पहिल्या आठवड्यात ती पत्र्याच्या टेबलाशी नुसती बसून राहिली. दुसऱ्या आठवड्यात वरून फोन आला, आडव्या चादरी वीस पाठवा. तिने पाठवल्या. पाच मिनिटांत परत फोन, या नव्हेत, छोट्या. छोट्या पाठवल्या. त्याही परत. तिसऱ्या फोनवर ऑपरेशन थिएटरवाल्यांनी त्याच चादरीला मधली म्हटलं, आणि बाळंतिणींच्या वॉर्डाने कमरेची.

तिने टेबलाच्या खणातून मोजपट्टी काढली. चादरींचा गठ्ठा सोडणारा धोबीमामा बावीस वर्षं तिथे काम करत होता. त्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सिस्टर," तो म्हणाला, "आमचं बरं चाललंय."

"बरं म्हणजे कसं?" तिने विचारलं. "धरा हे टोक."